गाडी तिची, माप भावाचं

आज दुपारी हिंगोलीत सीट शिवणाऱ्याच्या दुकानात माझं डोकं फिरलं, ते इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही.

माझी भाची सुजाता गोरेगावजवळच्या खेड्यात नर्स आहे. गावची प्रवासी जीप भरल्याशिवाय सुटत नाही, म्हणून ती घरातली मोटरसायकल चालवते. उंची कमी असल्यामुळे तिचे पाय जेमतेम टेकतात. परवा चढावर गाडी थांबवताना ती पडली आणि गुडघा फुटला. सीटचा फोम कापून उंची कमी करायला ती, तिचा भाऊ विकास आणि मी असे तिघं गेलो होतो.

कारागिराने खडू काढला आणि विकासला म्हणाला, "बसा भाऊ, माप घेतो."

आणि आमचा ताडमाड विकास खरंच बसला!

मला कॉन्व्हेंटमध्ये हळू बोलायला शिकवलं होतं. मी हळूच विचारलं, "पडली ती. मग माप ह्याचं काहून?"

"काकू, बाईमाणसाला स्कुटीच बराबर असते."

"खेड्यातला रस्ता स्कुटीला बराबर आहे का? तिला बसवा."

त्याने सुजाताला बसवलं, दोनदा खूण केली आणि फोम कापला. तिचे दोन्ही पाय जमिनीवर सपाट टेकले.

"आता माझे गुडघे दुखतील," विकास कुरकुरला.

"मग तू जीपनं जा," सुजाता म्हणाली आणि किक मारली.

घरी येऊन मी स्वयंपाकाच्या ओट्यापाशी उभी राहिले. इतकी वर्षं टाचा उंचावून पोळ्या लाटल्या. तुमच्या ओट्याचं माप गवंड्याने कुणाला उभं करून घेतलं होतं?