ओल्या वेताची ढील

आमची दारा, म्हणजे काकू, ओरांग जगात कुणावर विश्वास ठेवायची नाही. व्हिनेगरच्या बाटलीवर पेन्सिलीची खूण, बाजारातून कोंबडी घेतली तर तिची पिसं फुंकून बघणार. आमच्या बेतिस गावात घराआड एक सुतार. तिच्या मते ते सगळे चोरावर मोर.

म्हणून खुर्ची विणून घ्यायची वेळ आली तेव्हा तिनं ती उंबऱ्याबाहेर जाऊ दिली नाही. "नेतील भारी नारा लाकडाची, आणून ठेवतील आंब्याची! मी काय दुधखुळी आहे?"

खुर्ची बापा किकोंची, माझ्या काकांची. अर्धांगाच्या झटक्यानंतर त्यांची जीभ जड झाली होती आणि त्यांना तेवढ्या एका खुर्चीत बसता यायचं, दुसऱ्या कशातही ते उजवीकडे कलंडत. बैठकीचा वेत फाटला तसे तीन आठवडे ते बाहेरच्या खोलीतल्या खाटेवर आढ्याकडे बघत पडले होते. मला त्यांच्याकडे बघवत नसे.

वेतकाम करणारे म्हातारे तातांग मेलेसिओ घरी येऊन बापांच्या खाटेसमोरच विणायला बसले. ओल्या वेताची पट्टी चौकटीच्या भोकातून ओवायची, तिथं खुंटी ठोकायची, की पुढचं भोक. दारा स्टूल घेऊन समोरच.

"ढिलं दिसतंय."

"ओला वेत आहे, ओरांग. वाळला की तो आपणच ताणतो. ढील ठेवावीच लागते."

"ढील ठेवायची म्हणजे सहा महिन्यांत पुन्हा तुम्हालाच बोलवायचं. कळतात हो मला ही सोंगं!"

तातांग दुपारी आपल्या घरी जेवायला गेले. दारानं पक्कड आणली, एकेक खुंटी उपटली, पट्टी करकचून ओढली आणि खुंटी परत ठोकली.

"दारा, राहू दे ना," मी म्हटलं.

"तू त्याची वकील का?"

परत आल्यावर तातांगनी विणीवरून बोट फिरवलं. "कुणी हात लावला का?"

"आमच्याकडे कोण लावणार?" दारा म्हणाली. मी वेताचे तुकडे गोळा करत राहिले.

संध्याकाळी बैठक पुरी झाली. वाळायला दोन दिवस ठेवायची, मग बापांना बसवायचं. दुसऱ्या दिवशी भर उन्हाच्या वेळी फाडकन आवाज झाला. चौकटीची पुढची लाकडी पट्टी भोकांच्या ओळीत लांबीभर चिरली होती.

दारानं तातांगना बोलावून घेतलं आणि त्यांची खरडपट्टी काढली. "हीच का तुमची कारागिरी?"

ते चिरेवरून अंगठा फिरवत राहिले. "माझंच चुकलं असणार. हल्ली बोटांना अंदाज राहत नाही. पट्टी नवी घालून देतो, पण दहा दिवस जातील."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तोंड उघडणार, तेवढ्यात खाटेवरून घशातला आवाज आला. बापांनी डावा हात उचलला होता. बोट दाराकडे.

"तू," ते म्हणाले. स्वच्छ.

दाराचा चेहरा उतरला. ती म्हणाली, "पक्कड मी लावली, मेलेसिओ. आता तुमच्या मनासारखं करा."

तातांगनी खुर्ची खांद्यावर घेतली आणि ते निघाले. तिनं अडवलं नाही. खाटेच्या कडेला येऊन बसली, डोळे पुसले आणि नवऱ्याला म्हणाली, "तुम्ही बघत होतात सगळं. तेव्हाच का नाही बोललात?"

बापांना एकेक शब्द जुळवायला वेळ लागला.

"ऐकलं... असतंस?"