दाराआडचं उत्तर

उद्या लेकीची हळद. करंजाड्यातल्या आमच्या फ्लॅटभर हळदीचा वास आहे आणि मला एका जागी बसवत नाही. होणाऱ्या विहिणीबद्दल काहीतरी बोलले, तशी लेक म्हणाली, “आई, टॉन्ट नको ना मारू.” मग मोबाइलवर बघून सांगायला लागली, हा इंग्रजी शब्द म्हणे फ्रेंचमधून आला असावा. मूळ अर्थ, तितक्यास तितकं.

माझ्या हळदीतही हेच होतं. एकीकडच्या बायकांनी गाण्यातून टोमणा मारायचा, दुसरीकडच्यांनी गाऊनच तो परतवायचा. सासरच्यांनी सुरू केलं, “नवरीची आय कुठं लपली गो?”

आय विधवा, म्हणून मंडपात नव्हती. टोमणा परतवण्यात गावात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, पण ती दाराआड उभी होती. तिचे ओठ हलले, आवाज आला नाही. माझ्या गालावरची हळद सुकून ओढत होती. कुणीच उत्तर देईना, तशा सासरच्या बायका हसल्या. गाणं संपलं म्हणून तेव्हा मला हायसं वाटलं होतं.

आता मीही विधवा आहे. उद्या कुणी विचारो न विचारो, मंडपात मधोमध उभी राहून मी गाणार आहे, “नवरीची आय हितं हाय गो!”