दोन हात उतार

जयनगरच्या फुटपाथवर नवा उतार बांधणारा तो गवंडी, त्याच्या कानडीमिश्रित मराठीवरून, बेळगावकडचा असावा. पहिल्याच दिवशी माझी व्हीलचेअर त्या उतारावरून दोनदा मागे घसरली. लोक ढकलायला धावले. तो मात्र थापी ठेवून उकिडवा बसला आणि चाकांकडे बघत राहिला.

“कुठं अडतंय, अक्का?”

मी चढ फार उभा असल्याचं सांगितलं.

“उतार करा म्हणाले. कुणासाठी, ते नाही सांगितलं,” तो म्हणाला आणि त्यानं आपलंच काम छिन्नीनं फोडायला घेतलं.

चार दिवसांनी गेले, तर उतार चांगला दोन हात लांबला होता. मी एका दमात वर चढले.

“सरी झालं का? बरोबर?” पलीकडच्या कोपऱ्यावरून त्यानं विचारलं.

“सरी!”

त्या संध्याकाळी मी एकटीनं सगळी दुकानं पाहिली. घ्यायचं काहीच नव्हतं.