शिंपीकाकांची पावलं

शिंपीकाका गप्प दिसले तर खुशाल समजावं, तोंडात टाचण्या आहेत. एरवी दुकान म्हणजे त्यांचा दरबार. गेल्या वर्षी त्यांच्या छातीत कळ आली आणि परगावच्या लेकीने मनगटावर एक घड्याळ बांधलं. वेळ सांगायची सोडून ते नसत्या चांभारचौकशा करी. चालता किती, झोपता किती, काळीज कसं चाललंय, साऱ्या चुगल्या थेट लेकीच्या मोबाइलवर.

"पावलं कमी भरली तर दुकानाला कुलूप आणि तुम्ही माझ्याकडे," लेकीने बजावलं.

काका धसकले. दुकान गेलं तर बोलायचं कुणाशी? जन्मभर त्यांनी मशीनवर पाय मारले, पण या शहाण्या घड्याळाच्या ते खिजगणतीतही नव्हते. घोट्याला बांधून पाहिलं, तर काळजाचा पत्ता लागेना आणि लेकीचा फोन हजर. मग त्यांना नामी युक्ती सुचली. घरात सतत चालणारं एक माणूस होतंच. घड्याळ काकूंच्या हातात गेलं.

घर दुकानाच्या वर. पाणी, धुणं, खाली चहा, गिऱ्हाइकांच्या दारी कपडे. काकूंचा जिना दिवसभर चालूच. संध्याकाळी मोबाइल काकांना शाबासकी देई. लेक खूश. काका तर बसल्या जागेवरून गिऱ्हाइकांना व्यायामाचे धडे देऊ लागले. माणसाने निर्लज्ज तरी किती असावं!

एका सकाळी लेक धापा टाकत दारात. "बाबा, ठोके चुकतायत तुमचे! आधी दवाखान्यात चला." काकांनी घड्याळ गुपचूप परत आपल्या मनगटावर चढवलं. पिशवी सांभाळत काकूही निघाल्या.

डॉक्टरीणबाईंनी तारा लावल्या, आलेख काढला. "काका, तुम्ही ठणठणीत आहात. घड्याळच बिघडलं असेल. टाका काढून."

लेकीने सुटकेचा निःश्वास सोडला. गप्प राहिलं तर सुंठीवाचून खोकला गेला असता. काकांनी कोपऱ्यातल्या बाकाकडे पाहिलं. काकू पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या, कपाळ घामाने भिजलेलं.

"घड्याळ चांगलं आहे," काका म्हणाले. "ते हिच्या हातात असतं. ठोके हिचे आहेत."

लेकीने आईला हाताला धरून पुढे आणलं.

"मला काय धाड भरलीय?" काकू पुटपुटल्या. पण डॉक्टरीणबाईंनी त्यांना झोपवलंच. नव्या आलेखाकडे त्या बराच वेळ पाहत राहिल्या. "जिना चढताना दम लागतो?"

"लागतो थोडा. पूर्वी मधल्या पायरीवर टेकायचे. पण यांची पावलं कमी भरली असती ना, म्हणून हल्ली बसत नाही."

काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. उभा जन्म लोकांच्या छातीचं माप घेण्यात गेला होता.

"ही औषधं लगेच आणा," म्हणत डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठी पुढे केली. ती घ्यायला, सवयीप्रमाणे, काकूच उठू लागल्या.

"पडून राहा गं," काका म्हणाले. चिठ्ठी घेऊन ते स्वतः दवाखान्याचा जिना उतरले.