सगळा आवाज उजवीकडून

हिवरखेडच्या बसस्टँडवर माझी ट्रंक गाडीच्या डिक्कीत टाकून बाबा तिथंच उभे राहिले. डावा खांदा गाडीला टेकलेला, नजर डिक्कीच्या दारावर, ते नीट लागलं की नाही यावर. आई खिडकीखाली होती. ज्वारीच्या धापोड्यांचा डबा तिनं गजांमधून आत दिला आणि पदर तोंडाला लावला. इंजीन सुरू झालं तशी मी हात बाहेर काढून म्हटलं, "बाबा, निघाली मी!"

ते माझ्यापासून चार हातांवर होते. त्यांनी मान वळवली नाही.

गाडी हलली तेव्हा ते दचकून दोन पावलं मागं सरले. गाडी वळणाशी गेल्यावर त्यांनी हात वर केला, पण तो मला होता की ड्रायव्हरला, हे काही मला कळलं नाही. अकोटला गाडी बदलली, अकोल्याला बदलली, मूर्तिजापूर गेलं, अमरावती आली. सगळ्या रस्त्यात मी एकच गोष्ट मनात घोळवत होते, की बाबा माझ्याशी बोलले नाहीत.

कारण मला माहीत होतं, असं मला वाटत होतं. आदल्या दिवशी संध्याकाळी मी ट्रंक भरत असताना ते दारात येऊन म्हणाले होते, "जाय. शिक. पण मंग मंडपात माह्याजोळ कोन बसन?"

ते मला टोमण्यासारखं लागलं. गाव सोडून आलेल्या सगळ्यांजवळ असं एखादं वाक्य असतंच बहुधा. ते सामानात बांधलेलं नसतं, तरी आपल्याबरोबर येतं.

बाबांची साऊंड सर्व्हिस आहे. दोन अ‍ॅम्प्लिफायर, सहा भोंगे, स्पीकरचे चार मोठे डबे आणि एक जुना मेटॅडोर. लग्न, सप्ताह, जयंती, पोळा, जे असेल ते. मी आठ वर्षांची असल्यापासून मंडपात त्यांच्या डाव्या बाजूला बसत आले. माइक शिट्टी मारायला लागला की बाबा भुवया उचलून विचारायचे, "कोन्ता बोंबलून राह्यला?" मी बोटानं दाखवायचे, हा, किंवा तो, तिकडचा. ते मुंडी हलवून त्या बाजूचा आवाज कमी करायचे. मला वाटायचं ते माझी परीक्षा घेतात, मला शिकवतात. माझं बोट कधी चुकलं नाही याचा मला फार अभिमान होता.

आमच्या घरात बारावीच्या पुढं कोणी गेलेलं नव्हतं. मी बीएस्सीला अमरावतीला आले ती कठोरा नाक्याजवळ एका खोलीत. सोबत सविता, धारणीकडची. ती मेळघाटातून आलेली आणि मी तेल्हाऱ्याच्या बाजूची, पण भिण्यात आम्ही दोघी सख्ख्या बहिणी होतो. एवढंच, की तिची भीती हसून बाहेर पडायची आणि माझी आतच राहायची. वर्गात उत्तर येत असूनही मी बोलायचे नाही, तोंडातून "हाये" निघेल म्हणून. प्रॅक्टिकलला यंत्राचं बटण दाबायच्या आधी मी तीनदा बघायचे. झेपत नसेल तर परत जाऊ, असं रोज वाटायचं. पण परत गेले तर बाबा बोलतील की नाही, याचीही भीती होतीच.

दुसऱ्या वर्षी प्रयोगशाळेत सरांनी दोन स्पीकर टेबलाच्या दोन टोकांना ठेवले आणि आम्हाला एकेकीला मधल्या खुर्चीवर बसवलं. माझी पाळी आली. डावीकडून बासरी आली, उजवीकडून तबला. आणि गाणाऱ्या बाईचा आवाज बरोबर मधून आला, जिथं नुसती भिंत होती. मी घाबरून उठलेच. वर्ग हसला. मी भिंतीला हात लावून पाहिला होता.

आमच्या मंडपात आवाज सगळीकडं सारखाच. सहा भोंग्यांतून एकच. बाबा आयुष्यभर आवाजाचं काम करतात, पण असा आवाज त्यांनी कधी ऐकला नसणार, हे मला त्या खुर्चीतून उठतानाच वाटलं. मी ठरवलं, असं यंत्र आपल्या हातानं बनवायचं आणि बाबांना ऐकवायचं. म्हणजे त्यांना कळेल की मी त्यांच्या कामापासून पळून आले नाही. त्यांचंच काम शिकायला आले आहे. तोंडानं सांगायची माझी हिंमत नव्हती.

लाकडी डब्यांची जुनी जोडी मला अकोल्याला मिळाली, बाबा सामान घेतात त्याच दुकानात. दुकानदार म्हणाले, "हिवरखेडवाल्याची पोट्टी ना तू? बापाले सांगतलं का?" मी म्हटलं, नका सांगू. अ‍ॅम्प्लिफायरचं तयार बोर्ड मागवलं. आतल्या तारा जोडायला एक संध्याकाळ लागली. पिन सॉकेटमध्ये घालायच्या आधी मी रबरी चपला घातल्या आणि सविता पलंगावर उभी राहिली, हातात केरसुणी.

"केरसुणी कशाला?"

"तू करंटले चिपकली तो मारूंगी न. मरू थोडी देणार तुले."

मी पिन घातली. टप्प असा आवाज झाला, बोर्डातून धूर आला आणि जळक्या प्लास्टिकचा वास खोलीभर पसरला.

चूक माझ्या हातानं केली होती, पण ती शिकले होते घरूनच. मंडपात एका बाजूचे सगळे भोंगे एकाच तारेवर माळेसारखे लावतात. मीही डावं-उजवं दोन्ही एकाच जोडीत पिळून टाकलं होतं. दोन वाटा वेगळ्या ठेवायच्या, यासाठीच तर हे यंत्र. आणि मी पहिलं काम काय केलं, तर त्या एक केल्या. सविता म्हणाली, "लग्न लावून दिलं वाटते दोघांचं." मी हसले नाही. मला वाटत होतं, आपल्याला हे जमणारच नाही, आपण मंडपातलेच.

दुसरं बोर्ड यायला परीक्षा उलटून जावी लागली. या वेळी प्रत्येक तार चार चारदा पाहिली. डाव्याला हिरवा दोरा बांधला, उजव्याला पिवळा. पुस्तकात लिहिलं होतं की दोन स्पीकरमधलं अंतर आणि त्यांच्यापासून ऐकणाऱ्याचं अंतर सारखं हवं. फूटपट्टी पुरेना म्हणून ओढणीनं मोजलं. खुर्चीच्या पायांभोवती खडूनं खुणा केल्या. पिन घातली. धूर नाही. बासरी डावीकडून आली, तबला उजवीकडून, आणि मधल्या भिंतीतून ती बाई गायला लागली. सविता केरसुणी धरून तशीच उभी. मग हळूच म्हणाली, "ये बाई कहाँ बैठी है?"

फाल्गुनात बाबा एक अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्तीला घेऊन अमरावतीला आले. दुकानातून सरळ खोलीवर. दीड वर्षात पहिल्यांदा. मी चहा ठेवला, साखर दोनदा सांडली. त्यांनी खोलीवर नजर फिरवली आणि ती डब्यांवर थांबली.

"हे काय होय?"

"मी बनवलं, बाबा. बसा ना तिथं. खुर्ची हलवू नका."

ते बसले. गुडघ्यांवर हात ठेवून, फोटो काढायला बसावं तसे. मी गाणं लावलं आणि त्यांच्या तोंडाकडं बघत राहिले. बासरी झाली, तबला झाला, बाई गायला लागली. बाबांच्या कपाळाला आठी पडली.

"सगळा आवाज उजवीकडूनच येऊन राह्यला, पोरी. डावा मेला तुहा."

जळलं. पुन्हा जाळलं मी, आणि तेही यांच्यासमोर. मी डाव्या डब्याजवळ वाकले. मला तर त्यातून बासरी ऐकू येत होती. पण बाबा म्हणतात म्हणजे नसेल. तीस वर्षं ज्यांचं हेच काम, त्यांना कळेल की मला?

बाबा आता कामाच्या सुरात आले होते. "भिऊ नोको. पलटवून पाह्य. डाव्याची तार उजव्याले लाव, उजव्याची डाव्याले. दोष मशीनीत असन तं तो इकडून तिकडं जाईन."

हे त्यांनी मला लहानपणीच शिकवलं होतं. खराबी सापडत नसेल तर जागा बदला. जी वस्तू बदलल्यावर खराबी सरकते, ती वस्तू खराब. मी तारा बदलल्या. तबला डावीकडं गेला, बासरी उजवीकडं आली.

"आता?"

"उजवीकडूनच."

मी डबेच उचलून बदलले. घाम फुटला होता.

"आता?"

"तसंच हाये. काहून होऊन राह्यलं बापा असं?"

आता फक्त एक राहिलं होतं. मी उजवीकडच्या डब्याची तार उपसून हातात घेतली. तो डबा गप्प झाला. खोलीत फक्त डावा वाजत होता.

"आता, बाबा?"

"कमी झाला," ते म्हणाले. "पण येऊन उजवीकडूनच राह्यला."

मग त्यांनी माझ्याकडं पाहिलं. माझ्या हातातल्या, पिवळा दोरा बांधलेल्या, लोंबणाऱ्या तारेकडं पाहिलं. त्या गप्प डब्याकडं पाहिलं.

बाबांनी सावकाश उजवा तळहात उचलला आणि उजव्या कानावर घट्ट दाबला. गाणं चालू होतं. त्यांच्या डोळ्यांत मी पाहत होते आणि त्या डोळ्यांत काही येत नव्हतं, जसं बंद खोलीच्या खिडकीत काही दिसत नाही. थोड्या वेळानं त्यांनी हात खाली घेतला.

"बंद कर."

मी बंद केलं. सविता चहाचे कप हातात घेऊन दारात थांबली होती, ती तशीच मागं गेली.

"तुह्यं मशीन बरोबर हाये," बाबा म्हणाले. "येकदम बरोबर हाये."

हेच वाक्य ऐकायला मी दीड वर्षं थांबले होते. आणि ते आलं तेव्हा मनात एकच होतं, की देवा, माझं मशीन चुकीचं निघू दे.

मला तेव्हा काय काय दिसलं ते एका दमात सांगता येणार नाही. मंडपातली डाव्या बाजूची माझी जागा. उचललेल्या भुवया. कोणता भोंगा बोंबलतो हे त्यांना आधीपासूनच कळत नव्हतं. माझं बोट हा त्यांचा दुसरा कान होता. बसस्टँडवर गाडीला टेकलेला डावा खांदा. "मंडपात माह्याजोळ कोन बसन?" तो टोमणा नव्हता. ते घाबरले होते, आणि आम्ही दोघंही बापलेक भीती आतच ठेवणारे.

"कधीपासून, बाबा?"

"मले वाटे वय झालं. एवढं गेलं असन असं नाई वाटलं." मग म्हणाले, "आईले सांगू नोको आता. आणि गावात तं अजिबात नोको. बहिऱ्या साऊंडवाल्याले कोन सांगन काम?"

आईला मी फोनवर सांगितलंच. "जेवाले आमी सगळे त्यायच्या उजव्या बाजूले बसतो," ती म्हणाली. "कधीपासून बसतो, कावून बसतो, आठोतच नाई मले. डावीकडून बोललं की वसकते म्हणून बसत असन." म्हणजे घराला माहीत होतं. घरातल्या माणसांना माहीत नव्हतं.

अकोल्याच्या कानाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की डावा परत येणार नाही, उजवा सांभाळा. भोंग्याजवळ उभं राहू नका, कानात बोळे घाला. बाबांनी घालायचं कबूल केलं. घालतात की नाही, कोण जाणे. माझी भीती गेलेली नाही, उलट तिला आता नीट तोंड आलं आहे. ते मोटरसायकलवर असतात तेव्हा मागचा हॉर्न कुठल्या बाजूनं आला हे त्यांना कळत नाही. संध्याकाळी फोन उचलला नाही तर मला दुसरं काही सुचत नाही. शिक्षण सोडून परत येऊ का, असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले, "येऊन काय करशीन? बोट दाखवशीन? त्यापेक्षा असं मशीन बनव, जे मले दाखवन कोन्ता भोंगा बोंबलून राह्यला." ते गमतीनं म्हणाले असतील. मी वहीत लिहून ठेवलं आहे. सहा छोटे लाल दिवे, ज्या बाजूची शिट्टी त्या बाजूचा दिवा. अजून जमलेलं नाही. याचंही पहिलं बोर्ड जळलं, पण आता धुराला मी तेवढी भीत नाही.

खोलीत अजून खडूच्या खुणा आहेत. त्या खुर्चीत बसलं की मधल्या भिंतीतून आवाज येतो, आणि मला प्रत्येक वेळी वाटतं, हे बाबांना कधीच ऐकू येणार नाही. त्यांच्यासाठी मध्ये काही नाही. घर म्हणजे गाव, घर म्हणजे आईच्या हातचं, असं मी पूर्वी निबंधात लिहायचे. आता विचारलं तर एवढंच सांगेन, की कुणाच्या कुठल्या बाजूला उभं राहायचं हे जिथं आपल्याला माहीत असतं, ते घर. ते मला गाव सोडल्यावर कळलं, याची लाज वाटते.

दिवाळीनंतर परत निघाले तेव्हा ट्रंक बाबांनीच डिक्कीत टाकली. तसेच उभे राहिले, डावा खांदा गाडीला. गाडी सुरू झाली होती, कंडक्टर ओरडत होता, तरी मी खाली उतरले आणि त्यांना वळसा घालून दुसऱ्या बाजूला गेले.

"बाबा, निघाली मी."

त्यांनी मान वळवली. "आयकलं," ते म्हणाले. "जाय आता. गाडी सुटन."