वांग्याच्या पारखीनं निवडलेल्या विटा

मनकर्णामावशी, तुला अक्षर येत नव्हतं आणि आता तू नाहीसही. तरी तुलाच लिहिते, कारण तुझ्या घराची गोष्ट दुसऱ्या कुणाला सांगितली की म्हणतात, म्हातारी रंगवून सांगते.

तू अमरावतीच्या इतवारा बाजारात भाजी विकायचीस आणि आमच्या घरामागे राहायचीस. एकेचाळीस साली मी नागपूरहून कॉलेजच्या सुटीत आले, तर तुझ्या कुडाच्या भिंतींच्या जागी बाभळीचे चार खांब. आदल्या पावसात पश्चिमेची भिंत बसली होती, तुझ्या बाजेपासून हातभर.

"यंदा बाहेरून विटाच लावतो," तू म्हणालीस. "पुन्हा पडली तं भिंत वर अन् मी खाली." आणि हसत सुटलीस. यात हसण्यासारखं काय होतं? पण मीही हसले.

बडनेऱ्याच्या वाटेवर अब्दुल गफ्फारमियांची वीटभट्टी. तिथं तू पदर खोचून बसलीस. वीट उचलायची, तळहातावर तोलायची, जड लागली की बाजूला. सरळ, गुलाबी, हलक्या विटांचा ढीग झाला. मियांची बिडी हातातच विझली.

"बाई, काय करून राहिल्या?"

"हलक्या पाहून राहिलो. जड म्हणजे आत बिया."

"हे वीट हाय, भरताचं वांगं नोय."

"तुमी माती भाजा. निवडणं मले नका शिकवू."

मियांनी भट्टीच्या पोटातली एक वीट काढली: काळी-जांभळी, वाकडी, धोंड्यासारखी जड. "हे घरी नेऊन पाहा. नाई पटली तं वापस करा." तू ती किडकी भेंडी धरावी तशी धरलीस आणि गाडी मात्र गुलाबी विटांचीच भरून घेतलीस.

घरी मी एक गुलाबी आणि ती जांभळी, दोन्ही विटा पाण्याच्या बादलीत टाकल्या. एवढं शास्त्र मी शिकले होते. दुपारी तुझी लाडकी गुलाबी वीट उचलली, तर निम्मी माझ्या हातात आणि निम्मी बादलीत, चहात भिजलेल्या पोळीसारखी. जांभळीला काही झालं नव्हतं. तू बादलीत हात घालून तळाचा लाल चिखल चिवडलास.

"मी असल्या भिंतीपाशीच बाज टाकली असती," एवढंच म्हणालीस. मग जे हसू फुटलं, ते माझी आई ओरडत येईपर्यंत थांबलं नाही.

गुलाबी विटांची गाडी तू तशीच परत धाडलीस आणि जांभळ्या मागवल्या. स्वतः गेली नाहीस. शालिकराम गवंडी ओळंबा धरून रडकुंडीला आला. "मावशी, हे भिंत हाय का म्हातारीचे दात?" बाहेरून गिलावा तू लावू दिला नाहीस. लोक 'वांग्याचं घर' म्हणू लागले, तर तू गिऱ्हाइकांना हात लावून बघायला बोलवायचीस.

कॉलेज उघडायच्या आदल्या दिवशी धो धो कोसळलं. तू मुद्दाम बाज पश्चिमेच्या भिंतीला लावलीस आणि मला शेजारी बसवलंस. मी आतून हात फिरवला. कोरडी.

दुसऱ्या सकाळी नागपूरची रेल्वे धरायला मी बडनेऱ्याच्या टांग्यात बसले, तेव्हा तू मियांची ती पहिली वीट माझ्या मांडीवर ठेवलीस. "बडनेऱ्यालेच चालली तं हे वापस दे. सांग का, बाई चुकली. मले तोंडानं सांगवत नाही."

आणि मी? टांग्यात मैत्रीण भेटली, गप्पा रंगल्या, भट्टी केव्हा मागे पडली कळलंही नाही. वीट माझ्या ट्रंकेत नागपूरला गेली. दिवाळीत नेईन म्हटलं, मग उन्हाळ्यात नेईन म्हटलं. तू विचारायचीस, मी विषय बदलायची.

अजून ती माझ्या स्वयंपाकघराच्या दाराला, ते आपटू नये म्हणून, लावलेली आहे.