कोट चढवणारी

आमच्या नातेवाइकांत माझी ओळख एकच आहे: मेलेल्या माणसाला कोट चढवणारी. वेबसाइट, लोगो, ब्रोशर, पॅकिंगची डिझाइनं, हे सगळं मी करते, त्यावर माझं पोट चालतं, पण ते कुणाच्या डोक्यात शिरत नाही. "घरीच राहते, कॉम्प्युटरवर काहीतरी करते," इतकीच माहिती. कुणी गेलं की मात्र पहिला फोन मला. रडणं मागून, आधी फोटो. "बेटा, अर्जंट आहे, उद्या फ्लेक्स लावाचा आहे." आणि फोटो कुठला पाठवतील? लग्नाच्या पंगतीतला. तोंडात घास, खांद्यावर भलत्याचाच हात. मग मी तो हात पुसायचा, मागचा मांडव काढायचा, चेहरा उजळायचा आणि अंगावर कोट चढवायचा. आमच्या समाजात कोटाला मान आहे, तो कशामुळे हे नागपुरात कुणाला सांगावं लागत नाही. जन्मभर बनियनवर वावरलेला माणूससुद्धा पुण्यानुमोदनाच्या फ्लेक्सवर निळ्या कोटात पाहिजे. माझ्याकडे तसा एकच कोट आहे, नीट कापलेला, बटणं स्पष्ट दिसणारा. आमच्या घराण्यातली निम्मी गेलेली माणसं तोच कोट घालून भिंतींवर बसली आहेत आणि आजवर एकाच्याही लक्षात आलेलं नाही.

हे मी मैत्रिणींना हसत सांगायचे. बाबांचं दुखणं निघालं तेव्हा ते हसणं बंद झालं.

बाबा सावनेरकडच्या कोळसा खाणीत होते. उभी नोकरी जमिनीच्या खाली काढली, रिटायर झाल्यावर आईला घेऊन नागपुरात माझ्याकडे राहायला आले. उन्हाळ्यात त्यांना जिना चढताना धाप लागायला लागली. मग बसल्या जागी लागायला लागली. हृदयाचा एक व्हॉल्व्ह पार गेला होता. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं, ऑपरेशन करा, नाहीतर कधी काय होईल याचा भरवसा नाही. आम्ही त्यांना भरती केलं आणि तिथे बाबा अडून बसले. सही करीनात.

"मी रोज खाली जाऊन रोज वर आलेला माणूस आहो," ते डॉक्टरांना म्हणाले. "पण तवा मी जागा राहत होतो. तुम्ही बेहोश करून नेसान. मंग वर कोण आणते?"

आईनं रडून पाहिलं, मी भांडून पाहिलं. डॉक्टर सकाळच्या राउंडला यायचे, "काका, ठरवा आता," म्हणायचे, बाबा छताकडे पाहत राहायचे. ते घाबरले होते. माझा बाप घाबरू शकतो हे मला माहीतच नव्हतं, आणि ते पाहून मला त्यांचा असा काही राग येत होता की पुसू नका.

वॉर्डाबाहेरच्या कॉरिडॉरमध्ये पाण्याच्या कूलरजवळ एक चालू प्लग होता. तिथे मी मांडीवर लॅपटॉप घेऊन बसायचे. नोकरीवाल्याला सुट्टी असते. माझ्यासारखीनं दोन दिवस उत्तर दिलं नाही की क्लायंट दुसरा डिझायनर शोधतो. सीताबर्डीतल्या एका कापड दुकानाची वेबसाइट हातात होती. मालक दर तासाला मेसेज करायचा. "मॅडम, लोगो थोडा मोठा." केला. "अजून थोडा." केला. "आता जास्त मोठा वाटून राहिला." मी उठायचे, कॉरिडॉरच्या टोकापर्यंत जायचे, परत यायचे, बाबांच्या खोलीत डोकवायचे, पुन्हा बसायचे. जीव थाऱ्यावर नव्हता. चहा सांगायचे आणि प्यायला विसरायचे.

अशातच कन्हानहून काकाजी आले, बाबांचे धाकटे भाऊ. बाबांना भेटून बाहेर आले, माझ्या शेजारी बसले, इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, "बेटा, एक सांगतो, राग नको मानू. फोटो करून ठेव."

"कोणाचा?"

"असं काय करते वं. भाऊचा. तो सही करत नाही, डॉक्टर म्हणते भरवसा नाही. तुह्या आत्याच्या वेळी आपल्याजवळ फोटोच नव्हता, आठवते ना? आधार कार्डावरचा लावला. लोकं म्हणे ही कोण बाई आहे."

मी त्यांना काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. काकाजी ऐकून घेऊन चहाला गेले. वाईट मनाचा माणूस नाही तो. पुढचं पाहायची सवय आहे इतकंच.

ते गेले आणि मी फोटोंचा फोल्डर उघडला. का उघडला, मला आजही धड सांगता येत नाही. हाताला चाळा हवा होता म्हणा. लोगो मोठा-छोटा करून डोकं आंबलं होतं. भाचीच्या नामकरणातला बाबांचा एक फोटो सापडला, हसरा, समोर बघत असलेला. म्हटलं, नुसता कापून तर पाहू. मागची माणसं काढली. मागे पांढरं केलं. चेहऱ्यावरचे डाग साफ केले. मग हात आपोआप कोटाकडे गेला. खांदे जुळले, कॉलर बसली, काम झालं. काम झालं की मी काय करते? चेक करायला पाठवते. आमच्या धंद्याचा पहिला नियम तोच आहे, समोरच्याचं ओके आल्याशिवाय काहीही पुढे जात नाही. इतकी वर्षं अंगात मुरलेली सवय, डोकं ठिकाणावर नसलं तरी बोटं चालतात. मी तो फोटो काकाजींना पाठवला. खाली लिहिलं, "चेक करून सांगा."

काकाजींना वाटलं, एकट्यानं काय चेक करायचं, सगळ्यांनाच विचारू. त्यांनी तो फॅमिली ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "कसा वाटते?"

ते वाचतो कोण! निळा कोट, मागे पांढरं, नागपूरच्या दवाखान्यात भरती असलेला माणूस. लोकांनी काय समजायचं ते समजून घेतलं. पहिले हात जोडलेले आले. मग मेणबत्त्या आल्या. मग "भावपूर्ण श्रद्धांजली" सुरू झालं ते थांबेचना. सुरतहून एक चुलतभाऊ निघालासुद्धा. आणि बाबांचे साडू, माझे मावसाजी, जे एका लग्नातल्या मानपानावरून आमच्याशी कितीतरी वर्षं बोलत नव्हते, त्यांनी तर भला मोठा निबंध लिहिला. दिलदार माणूस हरपला, माझा पाठीराखा गेला, आम्ही पोरके झालो.

मी हे सगळं कॉरिडॉरमध्ये उभी राहून वाचत होते आणि मग मला आठवलं की त्या ग्रुपवर बाबाही आहेत.

तेवढ्यात खोलीतून आईचा आवाज आला. "अजी, तो फोन ठेवा बरं तुम्ही! ठेवा म्हणते ना!"

मी धावत गेले. बाबा उशीला टेकून बसले होते, चष्मा नाकावर, फोन डोळ्यांजवळ. आई माझ्यावर तुटून पडली. "काय वं, बाप जिता आहे अन् तू कोट चढवून राहिली? हात कसे नाही थरथरले तुहे?" धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वाटत होतं. काकाजी दारात उभे होते, हातात चहाचा कप घेऊन, पांढरेफटक.

बाबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "मी कधी गेलो वं?"

"बाबा, चुकून झालं..."

"थांब, वाचू दे." ते खाली खाली वाचत गेले. मावसाजींच्या निबंधाशी थांबले. ओठ हलवत अक्षर अन् अक्षर वाचलं. त्यांचे कान लाल झाले. "पाठीराखा म्हणते मले! समोर आलो तं रस्ता बदलवत होता हा माणूस. अन् आता मी याचा पाठीराखा! मेलो तं हेच खरं होऊन बसन ना. याले उत्तर द्याले तरी मले जगा लागते." मग आवाज चढवून म्हणाले, "सिस्टर! आणा तो कागद."

आईनं रडणं मध्येच थांबवलं. सिस्टर कागद घेऊन आली, बाबांनी न वाचता सही ठोकली. कितीतरी दिवसांच्या मिनतवाऱ्यांनी झालं नव्हतं ते रागानं केलं. काकाजी म्हणाले, "भाऊ, मी ग्रुपवरून काढून टाकतो." बाबा म्हणाले, "खबरदार. राहू दे. मले नावं पाहून घेऊ दे."

मग मला म्हणाले, "लॅपटॉप आण."

"काहून?"

"आण म्हणतो ना. तू लोकाइले पास करून मागते, मले नाही इचारलं. फोटो माहा आहे का त्याहिचा?"

मी पलंगाच्या काठावर लॅपटॉप ठेवून बसले. सलाइनची नळी मध्ये येत होती. बाबांनी बराच वेळ स्वतःकडे पाहिलं आणि मग एकेक सांगायला लागले, आणि खरं सांगते, इतका स्पष्ट बोलणारा क्लायंट मला आजवर मिळालेला नाही.

"हा कोट काढ."

"बाबा, सगळ्यांनाच घालतो आपण."

"ज्यानं कोट घातला त्यानं आपल्या पोराइनं शिकावं म्हणून घातला. तू शिकली, तू घाल. मी शर्टातच बरा. तो चेक्सचा, निळा-पांढरा, तुह्या पहिल्या कमाईचा." मला वाटायचं तो शर्ट त्यांना आवडत नाही, कपाटात घडी करून ठेवलेला असायचा. मी कोट काढला आणि शर्टाचा फोटो शोधायला लागले.

"अन् इथला डाग कुठं गेला?" त्यांनी भुवईच्या वर बोट ठेवलं. तिथे त्यांना एक निळसर व्रण आहे. खाणीत छताचा तुकडा पडला होता, जखमेत कोळशाची धूळ राहिली, वरून कातडी आली. मी लहानपणापासून तो पाहते. फोटोत मी तो दोन क्लिकमध्ये साफ केला होता, जसे सगळ्यांचे करते. मला तो डाग वाटला होता.

"त्या दिवशी माह्या बाजूचा माणूस वर नाही आला," बाबा म्हणाले. "हा नसन तं तो फोटो माहा नाही."

मी डाग परत आणला. बाबा म्हणाले, "अजून थोडा निळा." केला. "हां. आता बरोबर." मग उशीवर मान टाकून डोळे मिटले. "ओके आहे म्हणून लिही कुठं लिहाचं ते. पण लावाचा नाही आत्ताच."

आई तोंडाला पदर लावून हसत होती की रडत होती, कळलं नाही. बहुतेक दोन्ही.

ऑपरेशन दुसऱ्या दिवशी सकाळी झालं. मी फोन बंद करून आईच्या पिशवीत टाकला, लोगो गेला चुलीत. आत नेताना बाबांनी माझं मनगट धरलं होतं, ते दारापाशी सिस्टरनं सोडवलं. त्यानंतर मी नुसती चालत होते. काकाजी म्हणाले, "बस गं माय, पाय मोडतीन," तरी चालत होते. पहिल्यांदाच माझ्या मनात ते शब्दांत आलं, की मला हा माणूस हवा आहे, अजून पुष्कळ हवा आहे, चिडका, हट्टी, कसाही. दुपारी डॉक्टर बाहेर आले, तोंडावरचा मास्क खाली ओढला आणि म्हणाले, "झालं छान. घाबरू नका." मी तिथेच फरशीवर बसले आणि भोकाड पसरून रडले.

बाबांना फोन हातात धरता यायला लागल्यावर त्यांनी पहिलं काम ग्रुपवर केलं. ज्यांनी ज्यांनी श्रद्धांजली वाहिली होती त्या प्रत्येकाला नाव घेऊन उत्तर दिलं, "पोचली. धन्यवाद." मावसाजींना लिहिलं, "पाठीराखा घरी आला आहे. भेटाले या." ते आले. खाली मान घालून आले, संत्र्यांची पिशवी घेऊन, आणि दोघं म्हातारे गॅलरीत संध्याकाळपर्यंत एकमेकांशी वाद घालत बसले.

तो पास झालेला फोटो माझ्या लॅपटॉपमध्ये राहिला, आणि त्यानं मला सुखानं काम करू दिलं नाही. इतर कुणासाठी फोल्डर उघडला की बाबा त्यात चेक्सच्या शर्टात हजर. बाहेरच्या खोलीत त्यांचा खोकला ऐकू यायचा आणि इथे ते पांढऱ्यावर बसलेले. कितीतरी कामं माझी ओके न मिळाल्यानं लटकलेली असतात, आणि हे एक तयार काम, जे कधीच लागू नये म्हणून मी जीव मुठीत धरून होते. एका दुपारी मी तो सरळ उडवला. कचऱ्यातूनही काढून टाकला. मोकळं वाटलं.

थोड्या दिवसांनी बाबा माझ्या खोलीत आले. "तो फोटो ठेवला ना वं?"

"नाही. काढून टाकला."

"काहून?"

"मले पाहवत नाही, बाबा. पुन्हा तो विषय नको."

मला वाटलं चिडतील. ते कोपऱ्यातली प्लास्टिकची खुर्ची ओढत घेऊन आले, माझ्या टेबलाजवळ लावली आणि धाप न लागता बसले. "मंग पुन्हा बनव."

"आत्ता? काय घाई आहे तुम्हाले?"

"मले नाही. तुले आहे," बाबा म्हणाले. "तू सारं इचारून करते. माह्या मागून शर्ट बरोबर आहे का, डाग बरोबर आहे का, कोणाले इचारशीन?"

मी नामकरणातला तो जुना फोटो पुन्हा उघडला आणि बाबांच्या कडेनं कापायला सुरुवात केली. डोळे भरून येत होते, समोरचं धड दिसत नव्हतं, रेघ सारखी खांद्याच्या आत जात होती. बाबांनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला आणि स्क्रीनकडे वाकले.

"हळू कर," ते म्हणाले. "मी बसलो आहो."